पाणी दिलेलं पातं कधी मऊ, कधी तडकलेलं: पोलाद बदलण्याआधी शेड तपासा

घरामागे पत्र्याची छोटी शेड टाकून सुऱ्या, विळे, कोयते घडवायला लागलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. पट्टी तीच, भट्टी तीच, तेल तेच. पाणी देणं, म्हणजे लाल केलेलं पातं तेलात बुडवून कडक करणं, तेही तसंच. मागच्या आठवड्यातल्या पात्यावरून कानस घसरत होती, म्हणजे ते कडक झालं होतं; आजच्या पात्यात ती सरळ रुतते, म्हणजे ते मऊ राहिलं. मधल्या एका पात्यानं तेलातच 'टिंग' आवाज केला आणि धारेवर केसाएवढी चीर उमटली. मग सुरुवात होते ती पोलाद बदलण्यापासून. भंगारवाला बदलतो, तेल बदलतं, कुणीतरी पाण्यात मीठ टाकायला सांगतं, कुणी इंजिन ऑइल वापरायला सांगतं. दोन पाती चांगली निघतात आणि तिसऱ्याला तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: एकाच पट्टीतून कापलेल्या पात्यांचा निकाल दर वेळी वेगळा येत असेल, तर पोलादाकडे संशयानं बघण्याचं कारण फारसं उरत नाही. दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी चार आहेत. शेडमधला उजेड, भट्टीतली आच नेमकी कुठे लागते ती जागा, भट्टीपासून तेलापर्यंतचं अंतर आणि तेलाचं तापमान. या चारही गोष्टी शेडच्या मांडणीवर ठरतात. शेड उभी करताना आपला सगळा जीव ऐरण आणि बेल्ट ग्राइंडरमध्ये अडकलेला असतो, पैसाही तिथेच जातो. पाणी द्यायची जागा उरलेल्या कोपऱ्यात जाते. महिनाभर ठोकलेल्या, घासलेल्या पात्याचं भवितव्य मात्र त्या कोपऱ्यात दोन-तीन सेकंदांत ठरतं.

कानस काय सांगते ते आधी नीट ऐका

'पातं मऊ राहिलं' असं वाटणाऱ्या पात्यांपैकी कितीतरी आतून कडक झालेली असतात. लालबुंद पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन हवेच्या संपर्कात जळून जातो. भट्टीत पातं जितकं रेंगाळेल, तितका हा कार्बन गेलेला मऊ थर जाड होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका तो सहज होतो. वर खपली असते ती वेगळीच. आपण तेलातून काढलेल्या पात्यावर थेट कानस फिरवतो, ती या थरात रुतते आणि आपण पातं पुन्हा तापवायला घेतो. प्रत्येक तापवण्यात थर आणखी जाड होतो, पोलादाच्या आतला दाणा, म्हणजे त्याचे बारीक स्फटिक, आणखी भरड होतो.

म्हणून आधी धारेजवळची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून घ्या. मशीनवर घासत असाल तर दर दोन-तीन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवा, नाहीतर घासतानाच कडकपणा उतरेल. मग नवी, बारीक दातांची कानस हलक्या हातानं फिरवा. जुनी बोथट कानस कशावरूनही घसरते, तिच्या साक्षीला अर्थ नाही.

तपासणी टोकाशी, मध्यावर आणि मुठीजवळ अशी तिन्ही ठिकाणी करायची. या तीन जागांच्या उत्तरातून निम्मं निदान होतं. सगळीकडे मऊ असेल तर पातं पुरेसं तापलंच नव्हतं, किंवा पोलादच कडक न होणाऱ्या जातीचं आहे. फक्त मुठीकडे मऊ असेल तर आच एकसारखी लागलेली नाही. पाठीपाशी कडक आणि अगदी धारेशी मऊ असं उलटं चित्र दिसलं, तर एकतर मऊ थर पूर्ण निघालेला नाही, नाहीतर भट्टीतून तेलापर्यंत पोचताना पातळ धार हवेतच थंड झाली आहे.

पोलादाचा प्रश्न एकदाच मिटवा

भंगारातल्या पोलादावर काम करायला माझा विरोध नाही, पण ते कोणतं आहे हे न कळता दोष शोधता येत नाही. टीएमटी सळई, अँगल, साधी एमएस (माइल्ड स्टील) पट्टी यांत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यांना कितीही पाणी पाजा, धार टिकणार नाही. ट्रकच्या कमानीचे पाटे चांगले, पण त्यांतही एक मेख आहे. आपल्याकडचे बरेच पाटे ईएन ४५ जातीचे असतात आणि त्यात सिलिकॉन दीड ते दोन टक्के असतो. सिलिकॉनमुळे पोलादाला जास्त तापमान लागतं, साधारण ८७० अंश सेल्सिअसच्या आसपास. 'पोलाद चुंबकाला चिकटेनासं झालं की तेलात टाका' हा सल्ला ऐकून काम केलेला पाटा हमखास अर्धवट कडक होतो.

बेअरिंगचं पोलाद, म्हणजे ईएन ३१, यात कार्बन एक टक्का आणि सोबत क्रोमियम असतं. त्याचं क्रोमियमबरोबर बांधलेलं कार्बन सुटायला वेळ लागतो. ८२० ते ८४० अंशांवर ते आठ-दहा मिनिटं स्थिर धरावं लागतं, आणि कोळशाच्या उघड्या भट्टीत हे साधणं अवघड आहे. लोक वेळेची भरपाई आच वाढवून करतात आणि दाणा बिघडवून बसतात. घरच्या शेडसाठी सर्वात सरळ वागणारं पोलाद म्हणजे ०.७५ ते ०.८५ टक्के कार्बनचं साधं पोलाद, १०७५ किंवा १०८४ या क्रमांकांनी मिळणारं. ते ८०० ते ८३० अंशांत काम देतं आणि फार वेळ धरावं लागत नाही.

पट्टी कोणतीही असो, तिच्यातून बोटभर तुकडा कापा. तापवून तेलात बुडवा, थंड झाला की शेगड्याच्या (बेंच व्हाइसच्या) जबड्यात धरून, वर जाड कापड टाकून, डोळ्यांवर चष्मा लावून हातोडीनं तोडा. वाकला आणि तुटला नाही तर एकतर कार्बन कमी आहे किंवा आच. कट्कन तुटला तर तुटलेला भाग उन्हात नेऊन बघा. तो करडा, गुळगुळीत, मंद दिसला तर आच योग्य होती. साखरेसारखे चमचमणारे कण दिसले तर पोलाद जास्त तापलं होतं. हा तुकडा फेकू नका. त्यावर तारीख आणि वेळ लिहून ठेवा; वेळेचं कारण पुढे येतं.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा उजेड असतो

घरच्या शेडमध्ये तापमान डोळ्यांनी, रंगावरून ठरतं. तापलेल्या पोलादाचा रंग आपण ज्या उजेडात बघतो त्यावर फसवा ठरतो. ८०० अंशांचं पातं अंधाऱ्या खोलीत स्वच्छ चेरी-लाल दिसतं. सावलीतल्या भरदुपारी तेच पातं कळकट, विझत चाललेलं वाटतं. थेट उन्हात तर ते तापलंय की नाही हेच पटकन कळत नाही. आता ज्याच्या डोळ्यात तो चेरी-लाल बसलाय, तो माणूस दुपारी तसाच रंग येईपर्यंत ब्लोअर चालू ठेवतो आणि पातं सहज शंभर अंश वर जातं. दाणा फुगतो, पातं ठिसूळ होतं आणि तेलात तडकतं. संध्याकाळी तोच माणूस त्याच भट्टीवर उत्तम पातं काढतो. थंडीत सकाळी कोवळं ऊन दारातून आत येत असेल तर तिसराच निकाल.

तुमच्या नमुन्यांवर वेळ लिहिली असेल तर हे लगेच उघडं पडतं. भरड दाण्याचे तुकडे दुपारचे आणि बारीक दाण्याचे संध्याकाळचे निघाले, तर निदान झालं.

अनेकांनी शेडमध्ये उजेड यावा म्हणून छपरात पारदर्शक फायबरचा पत्रा बसवलेला असतो. ठोकायला, घासायला तो फार छान आहे. फक्त भट्टीच्या नेमक्या वर तो नको. बसला असेल तर खालून साध्या पत्र्याचा तुकडा सरकता लावा, म्हणजे पाणी द्यायच्या वेळी झाकता येईल. भट्टीचं तोंड उघड्या दाराकडे असेल तर भट्टी फिरवा. दाराकडून उजेड आणि वारा दोन्ही आत येतात आणि दोन्ही घातक. भट्टीमागची भिंत काजळीनं काळी झाली असेल तर तिला चुना लावू नका, काळ्या भिंतीसमोर रंग जास्त खरा दिसतो.

अंधार करायच्या नादात शेड बंद करू नका, हे मला इथे जोर देऊन सांगायचं आहे. कोळसा असो वा गॅस, भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोकं जड होईपर्यंत माणूस सावध होत नाही. भिंत आणि छप्पर यांच्यातली फट चारी बाजूंनी मोकळी राहिली पाहिजे आणि उंचावर धूर जायला वाट हवी. आडोसा करायचा तो पत्र्याचा, माणसाच्या उंचीचा. ताडपत्री आणि गोणपाट भट्टीजवळ टांगू नका. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म मिळतो, तो भिंतीवर लावून टाका.

उजेडावरचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ठोकणं, घासणं दिवसा आणि पाणी देणं सूर्य मावळल्यावर. शेजाऱ्यांनाही त्याचा त्रास नाही, कारण या कामाला आवाजच नाही.

अंधारात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती एकदा बघितली की माणूस दुपारी पाणी द्यायला तयार होत नाही. पातं तापत असताना लाल रंगात काळसर सावल्या फिरताना दिसतात. धार आणि टोक आधी उजळतं, पाठीकडे सावली रेंगाळत राहते. त्या जागी पोलाद आच शोषून आपली आतली रचना बदलत असतं, म्हणून तिथला रंग काही क्षण मागे पडतो. सावली पूर्ण निघून गेली आणि पातं टोकापासून मुठीपर्यंत एका रंगाचं झालं, की रचना बदलली असं समजावं. त्यानंतर रंगाची जेमतेम एक छटा वर न्यायची आणि तेलात. हे बघायला नमुन्याची एखादी रिकामी पट्टी घेऊन अंधारात चार-पाच वेळा तापवा आणि हवेत थंड होऊ द्या. थंड होताना उलटं दिसेल: विझत चाललेली पट्टी मध्येच क्षणभर पुन्हा उजळते.

डोळ्याला साक्षीदार हवा असेल तर तीन आहेत. चुंबक तारेनं भट्टीशेजारी टांगा. पोलादाच्या जातीप्रमाणे साधारण ७३० ते ७७० अंशांच्या दरम्यान ते चुंबकाला चिकटणं सोडतं. हा खालचा टप्पा झाला, काम इथे संपत नाही. दुसरा साक्षीदार स्वयंपाकघरातला: खाण्याचं मीठ ८०१ अंशांला वितळतं. पात्याइतक्याच जाडीच्या वेगळ्या तुकड्यावर चिमूटभर मीठ ठेवून तो पात्याशेजारी भट्टीत ठेवा. मीठ पाघळून काचेसारखं पसरलं की आठशे ओलांडले. मीठ पात्यावर मात्र टाकू नका, ते पृष्ठभाग खातं. तिसरा साक्षीदार म्हणजे के जातीचं थर्मोकपल, म्हणजे भट्टीची आच मोजणारी तार, आणि त्याचा डिजिटल मीटर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. थर्मोकपलचं टोक पात्याच्या शेजारी असायला हवं. ते भट्टीच्या भिंतीत खुपसलं तर भिंतीचं तापमान सांगेल.

आच एका जागी, पातं दुसऱ्या जागी

कोळशाच्या भट्टीत वारा जिथून येतो तिथे एक मुठीएवढा भाग पांढरा होतो आणि वीतभर अंतरावर कोळसा नुसता लाल असतो. आठ इंचांचं पातं त्यात ठेवलं की मध्य जळतो आणि टोकं मागे राहतात. आपण पातं पुढे-मागे सरकवत राहतो. उपाय सोपा आहे. दोन-अडीच इंच व्यासाचा काळा एमएस पाइप कोळशात आडवा पुरा, त्याच्यावरही कोळसा रचा आणि पातं पाइपच्या आत तापवा. पाइप आच पसरवतो, वाऱ्याचा थेट झोत पात्याला लागत नाही आणि आतला रंगही बाहेरच्या उजेडापासून वाचतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप, म्हणजे नळाचा जीआय पाइप, यासाठी कधीही वापरू नका. त्यावरचं जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

लोणारी कोळसा याला उत्तम, कारण त्यात गंधक जवळजवळ नसतं. तुकडे सुपारीपेक्षा थोडे मोठे, एकसारखे फोडून घ्या.

गावाकडच्या शेडमध्ये एक खास अडचण असते. शेतीपंपांची वीज आली की व्होल्टेज पडतं, ब्लोअरचा आवाज उतरतो, आच कमी होते. माणूस नियंत्रक वाढवतो. पंप बंद झाले की तोच ब्लोअर भट्टी उधळतो. पाणी द्यायच्या दिवशी ब्लोअर इन्व्हर्टरवर घ्या किंवा हाताचा पंखा वापरा. या टप्प्यावर वारा कमीच लागतो.

गॅसच्या भट्टीत ज्योत थेट पात्यावर आपटत असेल तर तीच तक्रार वेगळ्या रूपात येते: ज्योतीसमोरची धार आधी पेटते. इथेही आत जाड पाइप ठेवून भट्टी पंधरा-वीस मिनिटं आधी मुरू द्या आणि मग दाब कमी करून पातं आत घाला. भट्टीच्या आतली सिरॅमिक लोकर उघडी ठेवू नका. तिचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून वर आच सोसणाऱ्या रिफ्रॅक्टरी सिमेंटचा लेप हवा. घरगुती सिलिंडर या कामाला वापरायला परवानगी नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्या. तो उभाच ठेवा, भट्टीपासून लांब. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खड्ड्यात, मोरीत साचून राहतो, म्हणून खोलगट जमिनीच्या शेडमध्ये तो नकोच.

भट्टी ते तेल: दोन सेकंद

घिसाड्यांचं पाल रस्त्याकडेला लागलेलं दिसलं तर थोडं थांबून त्यांची मांडणी बघा. जमिनीत खळगा करून भट्टी, शेजारी रोवलेली ऐरण, हाताशी पाण्याचं भांडं. बसलेला माणूस कमरेतून वळतो, उठत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर काम करून घडलेली ही मांडणी आहे आणि आपल्या पक्क्या शेडपेक्षा ती या एका बाबतीत सरस असते.

कारण मोजून बघता येतं. आठशे अंशांवरची तीन मिलिमीटर जाडीची पाठ मोकळ्या हवेत सेकंदाला साधारण दहा अंश गमावते. एक मिलिमीटरची धार त्याच्या तिप्पट वेगानं थंड होते. भट्टीतून पातं काढायचं, वळायचं, चार पावलं चालायचं, झाकण पायानं सरकवायचं, यात चार सेकंद गेले तर धार सातशेच्या आसपास उतरलेली असते. पुढे साध्या कार्बन पोलादाला साडेपाचशे अंशांपर्यंतचा टप्पा सुमारे एका सेकंदात पार करावा लागतो, नाहीतर त्याची रचना मऊ रूपात परत जाते. निम्मं काम हवेतच बिघडवून आपण तेलाला दोष देतो.

म्हणून तेलाचं भांडं भट्टीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, बाजूला, एका वळणात पोचेल असं हवं. थेट तोंडासमोर नको, कारण तिथे ज्योत येते. उंची अशी, की सांडशी सरळ खाली नेता यावी आणि कोपर छातीच्या वर जाऊ नये. रिकाम्या सांडशीत थंड पट्टी धरून ही हालचाल आधी करून बघा. मोबाइलवर चित्रण केलं तर सेकंद मोजता येतात. झाकण आधी उघडायचं, पण ते बिजागरीनं भांड्याला जोडलेलंच असावं. तेलानं पेट घेतला तर झाकण पाडलं की आग गुदमरते. जळत्या तेलावर पाणी ओतायचं नाही, शेजारी वाळूची बादली ठेवा.

घरोघरी असतो तो पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा या कामाला घेऊ नका. तो हलका आणि उंच, सांडशीचा धक्का लागला की कलंडतो. सहा इंची एमएस पाइपला खाली रुंद जाड प्लेट वेल्ड करून घ्या, पुरेसा खोल आणि न हलणारा.

तेल थंड आहे की ओलं आहे?

तेल कोमट असलं की पातं जास्त वेगानं थंड होतं, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचा थर धरून बसतं. ५० ते ६० अंशांचं तेल पातळ होऊन खेळतं. पुण्या-नाशिककडे डिसेंबरच्या सकाळी तेल बारा-पंधरा अंशांवर असतं आणि मेमध्ये शेडमध्येच चाळिशीला पोचतं. हिवाळ्यात पाती मऊ राहतात आणि उन्हाळ्यात बरी निघतात अशी तक्रार असेल तर इथेच बघा. लोखंडी रॉड लाल करून तेलात फिरवा, स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं मोजा. आणि तेल पुरेसं हवं: एक किलो पोलादाला आठ-दहा लिटर. एकामागून एक पाती बुडवत गेलात तर तेल तापत जातं, शेवटच्या पात्याचा निकाल पहिल्यासारखा येत नाही.

सरकीचं, सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं तेल चालतं. खोबरेल नको, ते चोवीस अंशांखाली गोठतं. वापरून टाकलेलं इंजिन ऑइल तर नकोच. त्याच्या धुरात काय काय असतं ते फुप्फुसांनी सोसायचं कारण नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वेगळा उपद्रव होतो. छपरातून एखादा थेंब, दमट हवेतलं दव, आणि भांड्याच्या तळाशी पाणी साठतं. तेल हलकं असल्यानं वरून काहीच दिसत नाही. पातं टोकानं खाली गेलं की टोक पाण्यात, बाकीचं तेलात. टोक तडकतं, आणि वाफेनं उकळतं तेल अंगावर उडू शकतं. जून ते सप्टेंबर या काळात पाणी द्यायच्या आधी तळातलं थोडं तेल नळीनं काढून पळीत तापवा. तडतडलं तर त्यात पाणी आहे. तेल शंभर अंशांवर सावकाश धरून पाणी उडवा किंवा वरचं तेल ओतून घ्या.

वाकणं

वाकलेल्या पात्याचं कारण बहुधा घासण्यात असतं. एका बाजूनं जास्त घासलं गेलं, किंवा धार पाणी देण्याआधीच फार पातळ केली. धार किमान एक मिलिमीटर जाड ठेवा, बाकीचं नंतर काढा. ठोकून झाल्यावर पातं तीन वेळा लाल करून, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी, स्थिर हवेत थंड होऊ द्या. ठोकताना साठलेला ताण त्यानं जातो आणि दाणाही बारीक होतो.

तेलात पातं वर-खाली किंवा धार-पाठ या दिशेनं हलवा. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं तिकडे ओढलं जातं. तेलातून काढल्यावर साधारण दोनशे अंशांच्या वर असताना एक छोटी संधी असते. पातं अजून पूर्ण कडक झालेलं नसतं, जाड चामडी मोज्यांनी ते डोळ्यांसमोर धरून हलकेच सरळ करता येतं. दोन सपाट जाड लोखंडी प्लेटांमध्ये दाबून ठेवलं तर अजून चांगलं. हाताला ताठरपणा जाणवला की थांबा. त्यानंतरचा जोर पातं मोडतो.

तडकणं

आच आणि तेल दोन्ही तपासून झाल्यावरही चिरा येत असतील तर पात्याचे कोपरे बघा. मुठीत जाणारं शेपूट जिथे पात्याला मिळतं तो काटकोन चीर सुरू व्हायची आवडती जागा. तिथे गोल कानशीनं गोलाई द्या. ग्राइंडरचे आडवे ओरखडेही चिरेला वाट देतात. पाणी देण्याआधी ते लांबीच्या दिशेनं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा. भोकं आधी पाडलेली असतील तर त्यांच्या कडा मोडा. आणि ईएन ३१ किंवा पातळ सुरीला सवयीनं पाण्यात बुडवत असाल तर ते आजच थांबवा.

पाणी दिलेलं पातं रात्रभर तसंच ठेवणं हेही चिरेचं कारण आहे. आतला ताण शांत होत नाही आणि सकाळी पातं आपोआप तडकलेलं सापडतं. हाताला सोसवेल इतकं थंड झालं की लगेच ओव्हनमध्ये टाका: २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या चकतीवरचा आकडा खरा धरू नका, त्यात वीस-तीस अंशांचा चढउतार सहज असतो. आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा, म्हणजे चढउतार पात्यापर्यंत पोचत नाही. स्वच्छ घासलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग आला की सुरीसाठी ठीक. कोयत्याला, विळ्याला मार सोसायचा असतो, त्याला अजून थोडं वर, तपकिरीच्या आसपास न्या.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: वेळ, उजेड, पोलाद, तेलाचं तापमान, भट्टी ते तेल लागलेले सेकंद, नमुन्याचा दाणा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलानं गुण आला ते कळत नाही.

एवढ्यानंतरही निकाल डळमळत असेल तर नमुना मोजून घ्या. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करून देणारे कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे कडकपणा मोजणारं रॉकवेल यंत्र असतं; त्याचा आकडा एचआरसीमध्ये येतो. तुकडा दोन्ही बाजूंनी सपाट, खपली आणि मऊ थर काढून न्या, नाहीतर यंत्रही तुमच्या कानशीसारखंच फसेल. तेलातून काढलेला, ओव्हनमध्ये न टाकलेला १०८४ चा तुकडा ६४-६५ एचआरसीच्या आसपास दाखवायला हवा आणि ओव्हननंतर सुरीसाठी ५८ ते ६०. पहिला आकडाच पंचावन्नच्या खाली आला, तर ओव्हनला हात लावू नका. भट्टी ते तेल हे अंतर आणि पातं बाहेर काढतानाचा रंग, या दोन नोंदी वहीत काय आहेत ते आधी वाचा.